आजेसासूबाईंच्या आठवणी टिपायच्या आहेत ना?

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या शेतावर वाढलेल्या बाईंना 'तुमचं बालपण कसं होतं?' असं मोघम विचारू नकोस. 'छान होतं' म्हणून त्या मोकळ्या होतील. त्यापेक्षा वस्तू धर. घरात वीज कधी आली? ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा 1936 चा, पण कित्येक शेतांवर तारा पोचल्या त्या महायुद्धानंतरच. तोवर रॉकेलचे दिवे.

मग टेलिफोनकडे वळ. एकाच लाइनवर आसपासची बरीच घरं, प्रत्येकाची रिंग वेगळी, एक लांब दोन आखूड अशी. शेजारणीचं बोलणं चोरून ऐकणारं कुणीतरी हमखास असायचंच. इथे त्या खुलतील, बघच!

मक्याची कणसं हाताने सोलायचे, तेव्हा हाताला एक आकडा बांधत. गाडीच्या एका बाजूला उंच फळी. फेकलेलं कणीस तिच्यावर आपटून आत पडायचं. ते हातवारे करून दाखवायला सांग आणि व्हिडिओ घे, नुसत्या आवाजात ते येत नाही.

वर्षं चुकली तर मध्येच टोकू नकोस. 1950 च्या जनगणनेची पानं 2022 पासून खुली आहेत, नावं-वयं नंतर ताडून बघ. आणि हो, बसा स्वयंपाकघरातच. दिवाणखान्यात माणसं उगाच सावरून बोलतात.