बॅग हरवली, विमान चुकले: दाद कुठे आणि किती मुदतीत?

मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई असे एकच तिकीट होते. परतताना बॅग आलीच नाही, त्याला महिना झाला. कंपनी किलोमागे 20 डॉलर देते म्हणते. घ्यावेत का? (नाशिक)

मुळीच घेऊ नका. किलोवर भरपाई मोजणे ही विमान प्रवासाच्या 1929च्या आंतरराष्ट्रीय वॉर्सा कराराची पद्धत. भारत 2009 पासून त्याची जागा घेणाऱ्या माँट्रियल करारात आहे आणि आपल्या 1972च्या हवाई वहन कायद्यात तो तिसरी अनुसूची म्हणून जोडलेला आहे. तुमचा प्रवास भारतात सुरू होऊन भारतातच संपत असल्याने तोच लागू होतो. त्यात वजन बघत नाहीत, प्रवाशामागे कमाल मर्यादा असते. 28 डिसेंबर 2024 पासून ती 1519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम साधारण पावणेदोन लाखांच्या घरात जाते.

पण ही मर्यादा आहे, आपोआप हाती पडणारी रक्कम नव्हे. जेवढे नुकसान दाखवाल तेवढेच मिळेल. म्हणून आजच बसून यादी करा: कोणती वस्तू, कधी घेतली, कितीला. पावती नसेल तर कार्डाचे स्टेटमेंट जोडा, बॅग भरतानाचा फोटो असेल तर तोही. 21 दिवस उलटले की बॅग हरवली असे धरून दावा करता येतो, त्यामुळे ‘अजून शोध सुरू आहे’ या उत्तरावर थांबायचे कारण नाही.

बॅग मिळाली, पण फुटलेली. विमानतळावर पीआयआर (सामानाच्या तक्रारीची नोंद) भरून घेतला. तेवढे पुरे ना? (ठाणे)

त्यावर विसंबू नका. नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांत कंपनीकडे गेलीच पाहिजे. बॅग उशिरा आली असेल तर 21 दिवस. पीआयआरचा क्रमांक घालून वेगळा ईमेल पाठवा. चांगले दावे बुडतात ते इथेच, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

पॅरिसहून मुंबईला पाच तास उशिरा पोहोचलो. जातानाही तेवढाच उशीर झाला होता. दोन्ही वेळा भारतीय कंपनी. उशिराच्या भरपाईचे 600 युरो दोन्हींचे मिळतील? (पुणे)

फक्त परतीचे. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागतो, मग कंपनी कुठलीही असो. बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. ‘तांत्रिक बिघाड होता’ एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका. युरोपीय न्यायालयाने 2008 मध्येच सांगितले आहे की एरवीचा बिघाड ही भरपाईतून सूट देणारी असाधारण परिस्थिती नव्हे. हवामानाचे कारण खरे असेल, तर मात्र पैसे मिळत नाहीत.

ॲमस्टरडॅमहून फ्रँकफर्टला येणारी रेल्वे दोन तास रखडली आणि मुंबईचे विमान गेले. तिकिटे वेगवेगळी होती. नवे विमानतिकीट रेल्वेकडून वसूल होईल? (कोल्हापूर)

नाही. युरोपीय संघाच्या 2021/782 नियमानुसार तासाभराच्या उशिराला तिकिटाचे 25 टक्के आणि दोन तासांपासून पुढे 50 टक्के मिळतात. तुम्ही 50 टक्के मागा. आंतरराष्ट्रीय रेल्वे प्रवासाचे सीआयव्ही नियम पुढची गाडी चुकून त्या दिवशी प्रवास पुरा होणार नसेल, तर मुक्कामाचा वाजवी खर्च देतात. वाट पाहणाऱ्यांना कळवण्याचा खर्चसुद्धा. चुकलेले विमान त्यात बसत नाही. पुढच्या खेपेला विमान कंपनीच्याच तिकिटात रेल्वेचा टप्पा जोडून मिळतो का ते पाहा.

कंपनी परदेशी आहे. खटल्यासाठी तिकडे जावे लागेल का? (सोलापूर)

भारतातून जाऊन भारतात परत येण्याचे तिकीट असेल तर प्रवासाचे अंतिम ठिकाण भारत, आणि माँट्रियल करारानुसार तिथे दावा करता येतो. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज द्या. मुदत 2 वर्षे, विमान पोहोचले किंवा पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.