शारजाची ऑफर आणि वडिलांचं वावर: यावलच्या भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू मुंबईत विमानाच्या देखभालीचं काम करतोस. शारजातल्या एका मेंटेनन्स कंपनीची टेक्निशियनची ऑफर आलीय, महिना ७,००० दिरहम. एजंट दीड लाख मागतोय, ते भरायला वडील सोसायटीचं कर्ज उचलायला तयार आहेत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिनं राजीनामा द्यावा का? आणि विमान कंपन्या माणसं कमी करताहेत अशा बातम्या असताना निघावं का?

मी पारोळ्याचा. आखातात हँगरमध्येच (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये) उमेदीची वर्षं गेली. २०२० च्या कपातीत माझीही नोकरी गेली होती, नंतर मालवाहू विमानांच्या कामावर लागलो, अजून तिथेच आहे. माझं मत: जा. पण कर्ज काढून जाऊ नको, आणि बायकोची नोकरी सोडवू नको.

मंदीचं म्हणशील तर या धंद्यात ती येतच राहते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कारणं वेगवेगळी. गो फर्स्टनं इंजिनं वेळेवर मिळत नाहीत म्हणून सांगितलं, जेटवर कर्जाचा डोंगर होता. लांब कशाला, आपल्या जळगावचंच बघ. छोटी शहरं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कन आली आणि गेली. मग ट्रूजेट आली, २०२२ मध्ये तीही थांबली. २०२४ मध्ये फ्लाय९१ आली. धावपट्टी तीच, प्रवासीही तेच, पाट्या बदलल्या. इंधन महागलं, एखादा हवाई मार्ग बंद झाला, भाड्यानं घेतलेल्या विमानांचे हप्ते थकले, की माणसं कमी होतात. तू किती चांगलं काम करतोस हे त्या यादीत कोणी बघत नाही. नोकरी गेलेली पोरं महिनोन् महिने घरी खरं सांगत नाहीत, ते यामुळेच मला पटत नाही. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

तरी मंदीत सगळ्यांवर सारखी कुऱ्हाड पडत नाही. कंत्राटी ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रू लवकर जातात. देखभालीची माणसं थोडी उशिरा, कारण उभ्या विमानालाही माणूस लागतो: इंजिनाची तोंडं झाकायची, बॅटरी काढायची, चाकं मधूनमधून फिरवायची, ठरलेल्या दिवशी तपासण्या करायच्या. २०२० मध्ये प्रवासी विमानं बसली तशी त्यांच्या पोटातून जाणाऱ्या मालाची जागाही गेली, आणि कार्गोवाल्यांना दिवसरात्र काम मिळालं. काही कंपन्यांनी तर प्रवासी केबिनमधून खोकी नेली. म्हणून सहीआधी विचार, कंपनीकडे कोणाची विमानं येतात? एकाच एअरलाईनची येत असतील तर ती शिंकली की तुझ्या कंपनीला ताप. दोन-तीन एअरलाईन्स आणि एखादी कार्गोवाली असेल तर बरं.

आता पैशाचं. ७,००० वर भुलू नको, त्यात बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते विचार. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर काढतात: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक, पुढे ३० दिवसांचा. बेसिक ४,००० असेल तर तीन वर्षांचे ८,४०० दिरहम. एकूण पगार तोच ठेवून बेसिक २,५०० दाखवला, तर ५,२५०. नोकरी गेल्यावरचा विमाही बेसिकवरच. तो २०२३ पासून सक्तीचा आहे, १६,००० पर्यंत बेसिक असलेल्याला महिना ५ दिरहम. बारा महिने सलग भरले असतील आणि नोकरी स्वतः सोडलेली नसेल, तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. २,५०० च्या ६० टक्क्यांत शारजातली बेडस्पेस (सामायिक खोलीतल्या एका खाटेचं भाडं) आणि मेसचं जेवण कसंबसं निघतं, गावी पाठवायला काही उरत नाही. म्हणून एकूण पगारात पाचशे कमी मिळाले तरी चालतील, बेसिक वाढवून माग.

करारात नोटिशीची ओळही बघ. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं आणि त्यात कंपनी १४ दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते, नंतर किमान ३० दिवस. करार संपल्यापासून १४ दिवसांत हिशेब चुकता करायचा असा कायदा आहे. माझ्यावेळी हिशेब रखडला होता, तेव्हा विमान प्रवासच बंद, रूमवर बसून वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. त्या दिवसांत सगळ्यात जास्त हाल कार लोन आणि क्रेडिट कार्डवाल्यांचे झाले. नोकरी गेल्याचं कळलं की बँक खातं अडकवू शकते, आणि हिशेबाचे पैसे आधी तिथेच जिरतात. पहिल्या वर्षी गाडी घेऊ नको, भो. शारजा-दुबई ट्रॅफिकमध्ये ती तशीही उभीच असते.

दीड लाखाचा विषय इथेच संपव. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापलीकडे घेता येत नाही. तिकडच्या, म्हणजे यूएईच्या, कायद्यात भरतीचा खर्च कंपनीनं सोसायचा असतो, कामगाराकडून वसूल करता येत नाही. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी बघ. ती नसेल तर पुढे बोलूच नको. सोसायटीचं कर्ज पिकासाठी असतं. केळीचा भाव कधी कोसळेल याचा आधीच भरवसा नाही, त्यात तुझ्या पगाराची जोखीम वडिलांच्या माथी कशाला? थकबाकी झाली की व्याजसवलतही जाते.

कपातीत खरा आधार तुझ्या कागदांचा, आणि त्यावर पोरं फार हयगय करतात. कंपनीचं ऑथरायझेशन, म्हणजे तिच्या कामावर सही करायची परवानगी, कंपनीबरोबर संपतं, लायसन मात्र तुझं असतं. डीजीसीएचं (आपल्या विमान नियामकाचं) लायसन तिथे जसंच्या तसं चालत नाही. पण ते जिवंत ठेव, परतायची वेळ आली तर तेच कामाचं. सही करायचा अधिकार वापरायचा तर मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे रिकामा काळ लांबला की ते एक वेगळंच ओझं. लॉगबुक दर महिन्याला भर आणि लायसनवाल्या इंजिनिअरची सही तेव्हाच्या तेव्हा घे. कंपनी बंद पडल्यावर सही देणारा कोणत्या देशात असेल सांगता येत नाही. ए३२० किंवा ७३७ या विमानांचा कोर्स कंपनी करवत असेल तर घे, पण बाँड (ठरलेली वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आणि कंपनीनंच काढलं तर पैसे कोणाकडे, हे लेखी घेऊन.

वहिनींनी राजीनामा देऊ नये. पहिलं वर्ष तू एकटा राहा. नंतर त्यांना यायचंच असेल तर असाधारण (बिनपगारी) रजा किती मिळते ते पंचायत समितीत विचारून घ्या. तुझी नोकरी गेली तर घर त्यांच्या पगारावर चालेल, आणि तुला पडेल ते काम घाईनं धरावं लागणार नाही. तू मात्र सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत यावलला नवं बांधकाम काढू नको. आपल्याकडे पोरगा आखातात गेला की आधी स्लॅब पडतो.

ऑफर लेटरमधला बेसिकचा आकडा, नोटिशीचं कलम आणि बाँडचं पान मला पाठव. सही त्यानंतर कर.