जोडकामावर टीडीएस कापलाय, मग आणखी कर कसला?

नोकरी सांभाळून जोडकाम करणारे बहुतेक जण माझ्याकडे कराच्या सल्ल्याला हाच प्रश्न घेऊन येतात. जानेवारीत आलेल्या पुण्याच्या एका ताईंचाही तोच होता. फर्निचर कंपनीत नोकरी, वर्षाचा पगार ११ लाख ७५ हजार. सुट्टीच्या दिवशी घरं-दुकानांच्या अंतर्गत सजावटीची कामं. २०२५-२६ मध्ये त्यातून ४ लाख मिळणार होते. अडीच लाख एका बिल्डरकडून, १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरायचा कर) कापून. दीड लाख घरगुती ग्राहकांकडून, थेट यूपीआयवर.

"मॅडम, पगारावर कर शून्य. बिल्डरने पंचवीस हजार कापलेत. मग झालं ना?"

झालं नव्हतं. नव्या कर प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन त्यांचा पगार ११ लाखांवर येत होता आणि १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर लागत नव्हता. पण जोडकामाची कमाई पगारातच मिळवली जाते, आणि मग सगळ्या बेरजेवर कर ठरतो. अंतर्गत सजावट तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएमध्ये येत होती, म्हणून ४ लाखांपैकी निम्मी रक्कम उत्पन्न धरायची मुभा होती. त्यांचा प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून बराच कमी होता, त्यामुळे हा मार्ग फायद्याचा. खर्चाचा हिशोबही मांडावा लागत नाही.

तरी बेरीज १३ लाख झाली. १२ लाखांची रेषा ओलांडली की सवलत जाते. ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ वर ४० हजार, वरच्या एका लाखावर १५ हजार. उपकरासह ७८ हजार! त्यातून कापलेले पंचवीस वजा करा, ५३ हजार अजून भरायचे होते.

ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचं म्हणणं होतं, यूपीआयचे पैसे सासूबाईंच्या खात्यावर घ्यावेत." मी ठामपणे नको म्हटलं. राबल्या ताई, तर उत्पन्न ताईंचंच. खातं कुणाचंही असो. आणि चौकशीचं पत्र आलं तर उत्तर द्यायला सत्तरीच्या सासूबाईंना पुढे करायचं का?

दुसरी भीती कंपनीला कळण्याची. आपलं विवरणपत्र आयकर विभाग कंपनीला पाठवत नाही. मात्र नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, हे त्यांनी स्वतः वाचायला हवं होतं, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. करापेक्षा नोकरी जाण्याचा धोका मोठा.

वेळ हाताशी होती, हे बरं. टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच कर, भरावा लागतो. एरवी त्याचे चार हप्ते असतात, पण हा निम्म्याचा मार्ग घेणाऱ्यांनी सगळा १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो. हेच जुलैत भरले असते तर सुमारे २,६५० रुपये व्याज गेलं असतं. फेब्रुवारीअखेर त्यांनी ५३ हजार भरले. एरवी त्या कंपनीकडून मिळणारा पगार-कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, बघून विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना भरत. व्यवसायाचं उत्पन्न असताना तो चालत नाही; यंदा त्यांना आयटीआर-४ भरायचा आहे.

आता प्रत्येक बिल जमा झालं की त्यातला पाचवा हिस्सा त्या वेगळ्या खात्यात टाकतात.