बर्कपासून सुरुवात कर

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पुराणमतवादी, म्हणजे ‘कन्झर्व्हेटिव्ह’, विचारवंतांपैकी आधी कोणाला वाचावे, असे तू विचारले आहेस. आपल्या भाषेतला हा शब्दच मुळात थोडी दिशाभूल करतो, कारण जुन्या मताला हट्टाने चिकटून बसलेला माणूस त्यातून डोळ्यांपुढे उभा राहतो. या परंपरेतल्या उत्तम लेखकांचा खरा प्रश्न वेगळा आहे. कोणत्याही एका माणसाला किंवा एका पिढीला समाजाविषयी नेमके किती कळू शकते, हे ते विचारतात. हा प्रश्न मनाशी धरून वाचलेस, तर त्यांच्यातले मतभेदही तुला स्पष्ट दिसतील.

सुरुवात एडमंड बर्क या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश संसदपटूपासून कर. ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स’ हा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा त्याचा ग्रंथ नोव्हेंबर 1790 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा फ्रान्सचा राजा सोळावा लुई जिवंत होता आणि क्रांतिकारकांनी हजारोंना मृत्युदंड दिला ते दहशतीचे पर्व अजून दूर होते. तरीही, सगळ्या जुन्या संस्था एकदम मोडल्या तर अखेरीस सैन्यावर पकड असलेला एखादा लोकप्रिय सेनापतीच देशाचा धनी होईल, असे त्याने लिहून ठेवले होते. नेपोलियनने सत्ता घेतली ती 1799 मध्ये. मात्र केवळ हे भाकीत खरे ठरले म्हणून बर्क मोठा ठरत नाही. समाज ही हयात असलेल्यांची, होऊन गेलेल्यांची आणि अजून जन्मायच्या माणसांची भागीदारी आहे, ही त्याची कल्पना अधिक मोलाची आहे, आणि बदलाची सोय नसलेल्या राज्याजवळ स्वतःला टिकवण्याचीही सोय नसते, हे त्याच ग्रंथातले विधान त्याच्या बहुतेक चाहत्यांच्या ध्यानात राहत नाही.

बर्क वाचताना, ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर त्याने पुढाकार घेऊन चालवलेला खटला विसरू नकोस. 1788 ते 1795 अशी सात वर्षे हा खटला ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण भूगोल बदलला की नीतीही बदलते, हा बचाव बर्कने ठामपणे नाकारला होता. परक्या समाजाच्या जुन्या संस्था पैशाच्या लोभाने उद्ध्वस्त करणारी कंपनी आणि कागदावरच्या सिद्धांतासाठी स्वतःच्या समाजाच्या संस्था मोडणारे क्रांतिकारक, या दोघांत त्याला एकच उद्दामपणा दिसला. माझ्या मते बर्कची खरी उंची इथे कळते.

विसाव्या शतकात हा धागा इंग्लिश तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉटने पुढे नेला. पाककृतीचे पुस्तक वाचून स्वयंपाक जन्माला येत नाही, आधी स्वयंपाक येणारी माणसे असतात आणि मग पुस्तक लिहिले जाते, हा त्याचा दृष्टान्त राजकारणालाही तितकाच लागू पडतो. अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेकने ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, हे 1945 च्या एका निबंधात दाखवले. त्याला या यादीत सर्रास बसवले जाते, पण 1960 च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथाला त्याने ‘मी पुराणमतवादी का नाही’ हे सांगणारे परिशिष्ट जोडले होते. ते अवश्य वाच. अमेरिकन लेखक रसेल कर्कचा 1953 चा ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ या परंपरेची वंशावळ समजण्यापुरता वाचलास तरी पुरे.

आता एक अवघड गोष्ट. अमेरिकन पत्रकार विल्यम बकलीने 1955 मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या पुराणमतवादी नियतकालिकाने 1957 च्या एका संपादकीयात, अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक संख्येने कमी असतील तिथेही त्यांचेच वर्चस्व राहावे, असा पक्ष घेतला. आपल्या ज्ञानाच्या मर्यादा सांगणारा विचार इथे प्रबळांच्या सोयीचा झाला होता, आणि ‘सावकाश जाऊ’ या सल्ल्याची किंमत तो देणाऱ्यांना मोजावी लागत नव्हती. दक्षिणेतला वर्णभेद मोडण्यासाठी केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता, आपण चुकलो होतो, अशी कबुली बकलीने 2004 मध्ये दिली.

म्हणून बर्कबरोबरच त्याची समकालीन इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने त्याला दिलेले उत्तर वाच. तेही 1790 च्या नोव्हेंबरातच छापून आले. प्राचीनतेविषयीचा हा आदर गुलामांचा व्यापारही अबाधित ठेवील, असा तिचा थेट आरोप आहे. दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात संपव, आणि तिच्या या आरोपापुढे बर्कचा कोणता युक्तिवाद तुला टिकलेला वाटतो, ते मला सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक