चार्लीने चाकांना बांधलेल्या साखळ्या

प्रश्न : ताई, आम्ही सिएटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिचं 'ट्वायलाइट' चालू आहे, त्या कादंबरीचे चारही भाग, आता तिसऱ्यांदा. वाढदिवसाला भेटवस्तू नको, त्या गोष्टीतल्या गावाला, फोर्क्सला घेऊन चला म्हणते. एका रात्री मी पहिला भाग वाचायला घेतला आणि माझी झोप उडाली. त्यातला तो मुलगा चोरून नायिकेच्या खोलीत येतो, ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, आणि आमच्या लेकीला ते गोड वाटतं! नवरा म्हणतो, पुस्तकं उचल आणि गॅरेजमध्ये टाक. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, कसल्या मेल्या पिशाच्चांच्या गोष्टी वाचू देता पोरीला. मला भीती वाटते ती पुढची. उद्या असाच एखादा मुलगा खरोखर भेटला, तर त्याचं वागणं चुकतंय हे हिला कळेल का?

उत्तर : पुस्तकं गॅरेजमध्ये टाकू नका. टाकलीत तर ती फोनवर वाचेल, मैत्रिणीकडून आणेल, आणि तुमच्याशी त्याबद्दल बोलणं मात्र बंद करेल. आज तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या स्वप्नातल्या गावाला आईला सोबत चल म्हणते आहे. हे बोलावणं फार मोलाचं आहे.

मी चारही भाग वाचले आहेत. भाचीच्या निमित्ताने एकदा, आणि तुमचं पत्र आल्यावर पेन्सिल हातात घेऊन पुन्हा.

स्टेफनी मेयर यांचं पहिलं पुस्तक २००५ साली आलं, चौथं २००८ साली. सतरा वर्षांची बेला फिनिक्सच्या उन्हातून पावसाळी फोर्क्सला, पोलीसप्रमुख वडिलांकडे राहायला येते. नवी शाळा, नवे चेहरे. आपल्यात बघण्यासारखं काही नाही अशी तिची पक्की समजूत. आणि शाळेतला सगळ्यात देखणा मुलगा, रक्तपिपासू पिशाच्च असलेला एडवर्ड, तिच्याकडे असा बघतो, की त्याला दुसरं काही दिसेनासंच होतं. आपल्या मुलींना हे का भिडतं ते मला कळतं. वर्गात नावाचा उच्चार कुणी धड करत नाही, सुट्टीत पुण्याला गेलं की 'अमेरिकेची पाहुणी' म्हणून सगळे कौतुकाने बघतात. दोन्हीकडे थोडं परकंच. कुणीतरी आपल्याला अख्खं पाहावं ही भूक खरी आहे. तिची लाज वाटेल असं काही बोलू नका. या भुकेबद्दल पुस्तक खरं बोलतं. ती भागवायला येणारा कसा वागतो, त्याबद्दल मात्र ते खोटं बोलतं.

तुमची झोप उडवणारं ते पान घ्या. एडवर्ड जवळजवळ रोज रात्री येत होता, दोघांचं काही ठरण्याच्या आधीपासून. हे कळल्यावर बेला सुखावते. एक गंमतीची गोष्ट तुमच्या लेकीला सांगा, तिला आवडेल. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने लिहिलेला ड्रॅक्युला हा खराखुरा राक्षस होता, पण घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नसे. जुन्या राक्षसालासुद्धा परवानगी लागत होती! शंभर वर्षांनी आलेल्या नायकाला ती लागत नाही. मग तिला विचारा, राक्षसाला जे बंधन होतं ते प्रियकराला का नसावं? उत्तर तुम्ही देऊ नका.

आणि हे सगळं अमेरिकेनेच आपल्या पोरींच्या डोक्यात भरलं असंही समजू नका. आपण वाढलो ते कोणत्या सिनेमांवर? नायिकेचा कॉलेजपासून घरापर्यंत पाठलाग करायचा, तिने झिडकारलं की आणखी जोमाने मागे लागायचं, आणि शेवटी ती हसली की टाळ्या. १९९० साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा द्यायला बसलेल्या मुलीला एका मुलाने वर्गातच पेटवून दिलं. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली ती बातमी विसरलेल्या नाहीत. त्याला वर्तमानपत्रांनी 'एकतर्फी प्रेम' म्हटलं. त्यात प्रेम कुठे होतं? पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून भारतीय दंडसंहितेत यायला २०१३ साल उजाडलं. तेव्हा मुलीशी बोलताना 'तुमच्या या इंग्रजी पुस्तकांत' अशी सुरुवात नको. 'आम्हीही असंच बघत मोठ्या झालो, आणि आम्हालाही ते आवडायचं' इथून सुरू करा. ते खरंही आहे.

आता त्या दोन प्रसंगांकडे येते, ज्यांच्यासाठी मी पेन्सिल घेऊन बसले होते. दोन्हींत बेलाचा तो जुना शेव्हर्ले ट्रक आहे.

पहिला प्रसंग पहिल्या भागात. रात्रीतून बर्फ पडून रस्ते गोठलेत. घसरून पडायला आपण पहिल्या, असं मानणारी बेला ट्रक घेऊन शाळेत पोचते आणि तिच्या लक्षात येतं, ट्रक कुठेच घसरला नाही. वाकून बघते तर चाकांना बर्फातल्या साखळ्या बांधलेल्या. वडिलांनी, चार्लीने, भल्या पहाटे उठून बांधल्यात आणि एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. तिचा गळा दाटून येतो.

दुसरा प्रसंग तिसऱ्या भागात. बेलाला जेकबला, लांडग्याचं रूप घेऊ शकणाऱ्या आपल्या मित्राला, भेटायला जायचंय. एडवर्डला ते धोक्याचं वाटतं. ती ट्रकमध्ये बसून किल्ली फिरवते, ट्रक सुरूच होत नाही. शेजारच्या सीटवर एडवर्ड बसलेला, हातात इंजिनाचा काढलेला भाग. ती चिडते, पण फार वेळ नाही. पुढे तो तिला आपल्या बहिणीच्या पहाऱ्यात स्वतःच्या घरी ठेवायची व्यवस्थाही करतो. त्यानंतर तो स्वतःच नरमतो आणि तिला जेकबपर्यंत सोडायला लागतो, हे लेखिकेच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण 'मी चुकलो, तो ट्रक तुझा होता' असं म्हणण्याइतकं त्या प्रसंगाचं वजन कुठेच जाणवत नाही. काळजी फार होती म्हणून झालं, एवढ्यावरच ते मिटतं.

एकच ट्रक, दोघांनाही तिची काळजी. एकाच्या काळजीमुळे तिला बाहेर जाता येतं, दुसऱ्याच्या काळजीमुळे ती दारातच अडते. तुमच्या मुलीला चांगलं आणि वाईट प्रेम ओळखायला शिकवायचं असेल, तर हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. दोन्ही तिच्या लाडक्या पुस्तकातलेच आहेत, त्यामुळे आई पुस्तकाची निंदा करतेय असं तिला वाटणार नाही.

यापुढचं थोडं बोचेल. 'काळजी' हा शब्द आपल्या घरांत फार सढळ हाताने वापरला जातो. तिचा फोन तपासायचा, काळजीपोटी. मैत्रिणीकडे रात्री राहू द्यायचं नाही, काळजीपोटी. ती कुठे आहे ते दर अर्ध्या तासाने फोनच्या नकाशावर बघायचं, तेही काळजीपोटी. का म्हणून विचारलं तर 'तुझ्या भल्यासाठीच'. परक्या देशात आजूबाजूला आत्या-मावश्या नसताना आईबापांचा जीव टांगणीला लागतो, हे मी जवळून पाहिलंय, आणि तेरा वर्षांच्या मुलीवर काही बंधनं हवीतच. पण ज्या मुलीने आयुष्यभर ऐकलंय की जो आपल्यावर प्रेम करतो तो आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवतो, तिला इंजिनाचा भाग काढणारा मुलगा ओळखीचा वाटणार. तो तिच्या घरचीच भाषा बोलतोय! म्हणून बंधन घालाल तेव्हा कारण सांगा, कधी सैल होणार ते सांगा, आणि तिच्या माघारी काही करू नका. नकाशावर बघायचं असेल तर तिला सांगून बघा, आणि तुम्ही कुठे आहात तेही तिला दिसू द्या.

या पुस्तकातलं मला सगळ्यात धोक्याचं वाटलेलं पान खिडकीचंही नाही आणि ट्रकचंही नाही. ते जंगलात जातानाचं आहे. एडवर्डने स्वतःच सांगितलेलं असतं की मी तुला घातक ठरू शकतो. त्याच्यासोबत एकटी जाताना बेला कुणाला कळूच देत नाही. वडिलांना नाही, मैत्रिणींना नाही. का? उद्या काही झालं तर त्याच्यावर बालंट येऊ नये म्हणून. यावर संतापतो तो एडवर्डच. कुणालातरी सांगून ये, असं त्याने बजावलेलं असतं.

आपल्या किती मुली असंच करतील? आपण म्हणतो, 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत ही थेरं नकोत.' आपल्याला वाटतं विषय संपला. तिच्यासाठी विषय फक्त लपतो. मग सोळाव्या वर्षी कुणी मुलगा तिला रडवतो, धमकावतो, फोटो मागतो, आणि ती आईकडे येऊ शकत नाही, कारण त्रास सांगण्याआधी 'मुळात तो होता' हेच सांगावं लागणार. तिच्या या गुपिताचा फायदा तो मुलगा घेतो. म्हणून आजच तिला एक वाक्य सांगून ठेवा, शब्द तुमचे वापरा: 'आम्हाला न सांगता कुणाबरोबर गेलीस आणि तिथे भीती वाटली, तर फोन कर. मी गाडी घेऊन येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.' आणि तो शब्द पाळा.

तुमच्या यजमानांनाही एक पान वाचायला द्या. तिसऱ्या भागात जेकब बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर चार्ली, तोच साखळ्या बांधणारा चार्ली, जेकबलाच शाबासकी देतो. मुलगी हात धरून उभी आणि बाप मुलाच्या बाजूला! आवडता, ओळखीतला, 'आपल्यातला' मुलगा असला की चांगले बापही असे चुकतात. आपल्या मंडळांतल्या, गणपतीला भेटणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांबाबतही हे होऊ शकतं. त्या जागी मी काय केलं असतं, हे तिच्या बाबांनी तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं. मुलीला ते आईकडून ऐकून पुरत नाही.

दुसऱ्या भागावर वेगळं बोलायला हवं. एडवर्ड सोडून जातो आणि पुस्तकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढीच नावं असलेली कोरी पानं येतात. खचलेल्या मुलीचे महिने असेच जातात, ते लेखिकेने नेमकं पकडलंय. पण पुढे त्याचा आवाज कानात ऐकू यावा म्हणून बेला मुद्दाम जिवाशी खेळते, कड्यावरून समुद्रात उडी टाकते. आणि ती मेली असं समजून तो इटलीत मरायला निघतो. इथे गोड बोलून चालणार नाही. तिला स्पष्ट सांगा: 'तू सोडलंस तर मी जीव देईन' असं कुणी म्हणालं, तर ते प्रेमाचं माप नव्हे. त्या मुलाला मदत हवी आहे, आणि ती मिळवून देणं मोठ्यांचं काम आहे. अमेरिकेत त्यासाठी ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जोडीदाराकडून त्रास होणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी 'लव्ह इज रिस्पेक्ट' ही वेगळी हेल्पलाइनही आहे: १-८६६-३३१-९४७४. दोन्ही फ्रिजवर चिकटवा, सगळ्यांना दिसतील असे. इंग्लंड-वेल्समधल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं की तिथे जवळच्या नात्यात सतत धाक घालणं, ताबा ठेवणं हा २०१५ पासून गुन्हा आहे, अंगाला हात लावलेला नसला तरी.

पुस्तकात चांगलं काहीच नाही का? आहे. एडवर्ड स्वतःच्या भुकेला आवर घालतो, आणि ताकद असून थांबता येतं हे मुलामुलींनी वाचावं असंच आहे. बेलाही मिळमिळीत नाही. त्याचा जीव वाचवायला तीच इटलीपर्यंत धावते. २०१५ साली, दहा वर्षं झाल्यावर, मेयर यांनी तीच गोष्ट मुलगा-मुलगी यांची अदलाबदल करून पुन्हा लिहिली. तुम्हीही घरी करून बघा. एखादी मुलगी रोज रात्री तुमच्या पुतण्याच्या खोलीत गुपचूप येऊन बसली, तर आजी काय म्हणतील? लेक हसेल, आणि हसता हसता विचार करेल.

तेव्हा फोर्क्सला जाच. तुमच्या घरापासून साडेतीन-चार तास. क्रेसेंट सरोवराच्या काठाने रस्ता जातो, तिथे थांबून डबा खा. जमलं तर पुढे ला पुशच्या किनाऱ्यावर न्या. जेकबची क्विल्यूट जमात लेखिकेने कल्पनेतून काढलेली नाही. ते लोक तिथे खरोखर राहतात. लांडग्यापासून आपली उत्पत्ती झाली अशी त्यांची कथा आहे, पण पुस्तकातल्या जेकबसारखी लांडगा होणारी माणसं त्यांच्यात कधीच नव्हती. त्सुनामीच्या टप्प्यातलं गाव उंचावर हलवायची त्यांची खटपट चालली आहे. त्यासाठी २०१२ साली कायदा होऊन राष्ट्रीय उद्यानातली जमीन त्यांना मिळाली, २०२२ मध्ये वर नवी शाळा सुरू झाली. पुस्तकावर इतकं प्रेम करणाऱ्या मुलीला हे माहीत असलेलं बरं.

फोर्क्समध्ये पर्यटक केंद्राबाहेर तो लाल, जुना शेव्हर्ले ट्रक उभा असतो. ती आधी फोटो काढेल. काढू द्या, हवे तितके. मग चाकापाशी उभ्या राहून तिला विचारा, याच्या साखळ्या कुणी बांधल्या होत्या गं? ती पटकन सांगेल, तिला पुस्तक पाठ आहे. आणि इंजिनाचा भाग कुणी काढला होता? त्यानंतर तुम्ही बोलू नका. परतीचा रस्ता चार तासांचा आहे.