निवडणुकीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पक्ष तिकीट देतोय, पण युनियनचं सरचिटणीसपद सोडायची तुझी तयारी नाही, हे वाचून मला केनियाचा कामगार नेता टॉम म्बोया आठवला. त्याचं आयुष्य तू आत्ताच समजून घ्यावंस असं फार वाटतं.

केनियावर ब्रिटिशांचं राज्य होतं तेव्हा, १९५१ मध्ये, म्बोया नैरोबी महापालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून लागला, म्हणजे तुझ्याच खात्यातला. काम गोऱ्या निरीक्षकाचंच, पगार मात्र कितीतरी कमी. एकदा तो ऑफिसात एकटाच होता. एक गोरी बाई तपासणीसाठी दूध घेऊन आली, इकडेतिकडे बघून म्हणाली, इथे कुणीच नाही का? त्याने शांतपणे विचारलं, बाई, तुमच्या डोळ्यांना काही झालंय का?

तिथल्या आफ्रिकी कर्मचाऱ्यांच्या मंडळाची त्याने रीतसर युनियन केली. १९५२ मध्ये आणीबाणी लागली, स्वातंत्र्य चळवळीचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा तुरुंगात गेले, पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षावर बंदी आली. आफ्रिकी माणसाला उघडपणे बोलायला कामगार संघटनेचं व्यासपीठ तेवढं उरलं. तेविसाव्या वर्षी म्बोया कामगार महासंघाचा सरचिटणीस झाला.

तू बोलतोस छान. पण म्बोयाचं खरं काम १९५५ च्या मोम्बासा बंदरातल्या संपात दिसतं. भडकलेल्या गोदी कामगारांना कामावर परत जायला राजी करणं आणि मग लवादापुढे त्यांची बाजू मांडणं, ही दोन्ही कामं त्याने केली. पगारात ३३ टक्के वाढ मिळाली. संप पुकारणं त्यामानाने सोपं. चिडलेल्या माणसाला परत कामावर जा म्हणायला वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास लागतो. तो विश्वास तुझ्याकडे आहे, म्हणूनच पक्षाला तू हवा आहेस.

१९५७ मध्ये तो विधान परिषदेवर निवडून आला, १९६० मध्ये कानू पक्षाचा सरचिटणीस झाला. महासंघाची खुर्चीही त्याच्याकडेच होती. मधल्या काळात १९५९ मध्ये ८१ विद्यार्थी विमानाने अमेरिकेला शिकायला पाठवण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्या तुकडीत वंगारी मथाई होत्या, ज्यांना पुढे शांततेचं नोबेल मिळालं. एवढा आवाका असलेला माणूस विरळा, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

१९६२ मध्ये तो कामगारमंत्री झाला. मालक, महासंघ आणि सरकार यांच्यात औद्योगिक संबंधांची सनद त्याने घडवून आणली. पण १९६५ मध्ये, तो मंत्रिमंडळात असतानाच, सरकारने त्याचा जुना महासंघ आणि त्याच्याशी भांडणारा दुसरा महासंघ, अशा दोन्हींची नोंदणी रद्द करून एकच मध्यवर्ती संघटना उभी केली. तिचा सरचिटणीस निवडलेल्या तिघांतून राष्ट्राध्यक्ष नेमणार! फाटाफूट होती, हे खरं. तरी ज्याने आणीबाणीत संघटना जिवंत ठेवली, त्याच्याच सरकारने तिचा लगाम हातात घ्यावा, हे मला आजही बोचतं. ५ जुलै १९६९ रोजी नैरोबीत भर रस्त्यात त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं अडतीस.

तू निवडणूक जरूर लढव. पण फॉर्म भरण्याआधी सर्वसाधारण सभा बोलाव, नवा सरचिटणीस सभासदांना निवडू दे, तुझ्या मर्जीतला बसवू नकोस. वर्गणीचा हिशेब, करारांच्या फायली, कोर्टातल्या केसेस लेखी ताब्यात दे. उद्या तू सभागृहात सत्ताधारी बाकावर बसलास, तर गेटवर तुझ्याविरुद्ध घोषणा देण्याइतकी ती युनियन मोकळी राहिली पाहिजे. सभेची तारीख ठरली की कळव, मी येतो.

तुझा,
काका