बॅटरी उतरली, बॉनेट उघडेना

प्रश्न : आमची हॅचबॅक सात वर्षांची आहे. गणपतीत आम्ही एसटीने कोकणात गेलो आणि गाडी तीन आठवडे सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहिली. परत आलो तर रिमोट चालेना. किल्लीने दार उघडले. पण कळ ओढूनही बॉनेट वर येत नाही. बॅटरी तर बॉनेटखालीच आहे. बॅटरी उतरल्यामुळे बॉनेटचे लॉक अडकले असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन अडचणी आपल्यापुढे एकाच दिवशी आल्या असल्या, तरी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. आपल्याकडील बहुतेक गाड्यांचे बॉनेट विजेवर नव्हे, तर तारेवर उघडते. चालकाच्या पायाजवळची कळ ओढली की नळीतून पुढे गेलेली पोलादी तार खटक्याचा आकडा मागे खेचते आणि स्प्रिंग बॉनेटला बोटभर वर उचलते. सायकलच्या ब्रेकची तार चालते तशीच ही चालते, आणि तिच्यासारखीच पावसाळ्यात गंजते.

म्हणून कळ ओढताना हाताला काय जाणवते ते आधी पाहावे. कळ जड लागत असेल किंवा पुढून बारीक ‘टक्’ असा आवाज येऊनही बॉनेट जागचे हलत नसेल, तर खटक्यातले ग्रीस वाळून त्यात धूळ बसली आहे, असे समजावे. अशा वेळी दोघे जण लागतात. एकाने आत बसून कळ ओढून धरावी आणि दुसऱ्याने त्याच वेळी बॉनेटच्या पुढच्या कडेवर मधोमध, म्हणजे खटक्याच्या नेमके वर, दोन्ही तळहातांनी खाली दाबून लगेच हात उचलावेत. दाबल्यामुळे आकड्यावरचा ताण क्षणभर कमी होतो आणि जो आकडा नुसत्या ओढीने हलत नव्हता, तो सुटतो. चार-पाच वेळा करून पाहावे लागेल. मात्र ठोसे मारू नयेत, पत्र्याला पोचा पडतो.

कळ सैल, नुसतीच हातात येत असेल, तर तार कळीतून निसटली आहे किंवा तुटली आहे. कळीच्या मागे तारेचे टोक दिसले तर ते पक्कडीत धरून सरळ ओढावे. बरेचदा काम तेवढ्यावरच होते. तार पुढे खटक्यापाशी तुटली असेल, तर जाळीतून किंवा खालून हात घालून आकडा सोडवावा लागतो, आणि ते काम मेकॅनिकवरच सोपवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, हे मी कळकळीने सांगतो. स्क्रूड्रायव्हर घालून बॉनेट उचकटण्याच्याही फंदात पडू नये, कारण खटक्याच्या लगेच मागे रेडिएटर असतो.

ज्यांच्या गाडीला बटणाची चावी आहे, त्यांचा घोळ बहुधा दारापाशीच होतो. त्या चावीच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली दडलेली असते आणि तिचे भोक काही गाड्यांत दाराच्या मुठीवरील प्लास्टिकच्या टोपणाखाली असते. विजेवर उघडणारे पुढचे झाकण हा अपवाद आहे. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये १२ व्होल्टचा पुरवठा संपला, तर पुढच्या बंपरवरील टो हुकचे झाकण काढून आतील लाल व काळ्या वायरींना बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात, तेव्हा ते उघडते.

बॉनेट उघडल्यावर जंपर केबल लावताना आधी लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना जोडावी, मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे उरलेले टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम मोडू नये. दार किल्लीने उघडलेले असल्यामुळे वीज येताच अलार्म वाजू शकतो; रिमोट खिशात असू द्यावा.

धडधाकट बॅटरी तीन आठवड्यांत इतकी उतरत नाही. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते का, हे तपासून घ्यावे. त्याच फेरीत मेकॅनिककडून खटका साफ करून त्याला ताजे ग्रीस लावून घ्यावे आणि बॉनेट बंद करण्याआधी, ते उघडेच असताना, एकाने कळ ओढून आकडा मोकळा हलतो का हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहावे.